न खपलेली तबकडी

इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूर गावाला ठेक्याची ओळख करून द्यावी लागत नाही. यंत्रमागाच्या शेडमध्ये आयुष्य काढलेला माणूस झोपेतही मागाचा आवाज ऐकत असतो. चार मागांपैकी एखादा मध्येच थांबला, तर त्या शांततेनेच त्याला जाग येते. साधा माग मिनिटाला साधारण शंभर ते दीडशे पिके घेतो. धोटा एका बाजूने दुसऱ्या बाजूला जातो, फणी ठोका देते, आणि कापड एका धाग्याने पुढे सरकते. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला, तेव्हापासून या पंचक्रोशीचे कान याच ठोक्यावर वाढले आहेत. धोट्याचा फटका किंचित उशिरा पडला, तरी मागवाला पाठ फिरवलेल्या स्थितीत ते ओळखतो.

अशा गावातील घराघरांत आज एक मतभेद हमखास आढळतो. वरच्या मजल्यावरील खोलीत कॉलेजात जाणारा मुलगा संगणकावर तयार झालेले नृत्यसंगीत ऐकत बसलेला असतो. खाली पेढीवर बसलेल्या वडिलांना वा आजोबांना त्यातील फक्त धमधम ऐकू येते. त्यांच्या दृष्टीने या सगळ्याचे एकच नाव आहे, आणि ते म्हणजे ‘डॉल्बी’. कोल्हापूर जिल्ह्यात हा शब्द आता एका कंपनीपुरता राहिलेला नाही. मिरवणुकीत रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीला, त्यातून निघणाऱ्या गाण्याला आणि त्यापुढे नाचणाऱ्या गर्दीलाही तो लावला जातो. खिडक्यांच्या काचा थरथरतात, आजारी माणसाची छाती धडधडते, तान्ही मुले दचकून उठतात. वडीलधाऱ्यांची तक्रार खोटी नाही.

परंतु तक्रार ज्या गोष्टीची आहे, तिचे नाव आवाज. तो किती असावा, हे ध्वनिवर्धकाची कळ ज्याच्या हाती असते तो ठरवितो. यंत्रावर संगीत रचणे हे काम त्याहून निराळे आहे, आणि त्यात कोणी काय केले हे पाहायचे असेल, तर मुंबईच्या एका वादकाची हकिकत व्यापारी कुटुंबांनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे. तिच्यात भांडवल आहे, न खपलेला माल आहे, आणि तब्बल अठ्ठावीस वर्षांनी लागलेला भावही आहे.

त्या वादकाचे नाव चरणजित सिंग. जन्म १९४० चा. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत त्यांनी वाद्यवृंदात काम केले. गिटार वाजविली, पुढे विजेवर चालणारी कळफलकाची वाद्येही वाजविली. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत ते वादक म्हणून बसले. या कामाचे स्वरूप आपल्याकडील मजुरीवरच्या विणकामासारखेच असते. सूत मालकाचे, नक्षी मालकाची, कापडही मालकाचे. विणणाऱ्याला मजुरी मिळते. वाद्यवृंदातील वादक ठरलेल्या वेळी स्टुडिओत येतो, समोर ठेवलेले स्वर वाजवितो, मोबदला घेतो आणि पुढच्या कामाला निघतो. तबकडीच्या वेष्टनावर गायकाचे, गीतकाराचे आणि संगीतकाराचे नाव येते. वादकांची नावे क्वचितच छापली जात.

चरणजित सिंगांनी स्वतःच्या नावाने काही तबकड्याही काढल्या होत्या, पण त्या लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चालींवर बेतलेल्या. अशा तबकड्यांना त्या काळी निश्चित गिऱ्हाईक असे. चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या मांडवात, रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत त्या वाजत. ओळखीची चाल, नवा आवाज, माफक किंमत, असा तो सुरक्षित धंदा होता.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीस त्यांनी सिंगापूरहून काही नवी जपानी यंत्रे आणली. तिन्ही यंत्रे रोलँड या कंपनीची होती. ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या साह्याने निरनिराळे स्वर निर्माण करणारे कळफलकाचे वाद्य. टीआर-८०८ हे तालयंत्र. आणि टीबी-३०३ ही चंदेरी रंगाची लहानशी पेटी, खर्जातील स्वरांसाठी. ज्युपिटर-८ ची अमेरिकेतील छापील किंमत पाच हजार डॉलरच्या वर होती. त्या वेळी डॉलर दहा रुपयांच्या आत होता हे लक्षात घेतले, तरी एका यंत्राचा हिशेब पन्नास हजार रुपयांच्या घरात जातो. मजुरीवर काम करणाऱ्या वादकाने एवढी रक्कम अवजारात घालणे, म्हणजे चार साध्या मागांच्या मालकाने एकदम नवे विलायती माग आणण्यासारखे होते.

या यंत्रांचे काम कबनूरच्या वाचकाला समजावून सांगणे सोपे आहे, कारण डॉबी आणि जेकार्ड त्याच्या घरचे आहेत. डॉबीवर कोणत्या पिकाला कोणती चौकट उचलायची हे खुंट्या बसवून आधी ठरविले जाते. जेकार्डमध्ये तेच काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साखळीने होते. एकदा नक्षी बांधली की यंत्र ती पुन्हा पुन्हा विणत राहते. टीबी-३०३ आणि टीआर-८०८ यांचीही रीत अशीच आहे. एका आवर्तनाची सोळा घरे कल्पावीत. कोणत्या घरात ठोका पडावा, कोणत्या घरात कोणता स्वर यावा, कोणत्या स्वरावर जोर द्यावा, हे आधी भरून ठेवायचे. मग यंत्र ते आवर्तन न थकता वाजवीत राहते, आणि वाजविणारा मोकळ्या हाताने बटणे फिरवून त्याचा पोत बदलू शकतो. तोच धागा कधी जाड वाटतो, कधी झिरझिरीत.

टीबी-३०३ ची स्वतःची कथाही व्यापाऱ्याने ऐकण्याजोगी आहे. तादाओ किकुमोतो या अभियंत्याने ती घडविली आणि १९८१ च्या सुमारास ती बाजारात आली. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी, हा तिचा हेतू. पण तिचा आवाज खऱ्या वाद्यासारखा मुळीच वाटत नव्हता, आणि तिच्यात स्वर भरण्याची रीत किचकट होती. गिटारवाल्यांनी तिच्याकडे पाठ फिरविली. सुमारे दहा हजार नग तयार झाले आणि १९८४ मध्ये कंपनीने उत्पादनच बंद केले. ज्यांनी घेतली होती, त्यांतील अनेकांनी ती जुन्या वाद्यांच्या दुकानात स्वस्तात विकून टाकली. ज्या अवजारावर चरणजित सिंगांनी आपले वेगळे काम केले, ते अवजारही असा पडून राहिलेला मालच ठरले.

त्या दिवसांत हिंदी चित्रपटसृष्टीत डिस्कोची लाट होती. १९८० च्या ‘कुर्बानी’तील नाझिया हसनच्या गाण्याने तिला जोर दिला होता, आणि १९८२ च्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’ने ती गावोगाव पोहोचविली. प्रत्येक निर्मात्याला तोच ठेका हवा होता. चरणजित सिंगही असे ठेके वाजवीतच होते. पण घरी नवी यंत्रे जोडून सराव करताना त्यांच्या मनात वेगळा विचार आला. डिस्कोचा ठेका घ्यावा, तबला पूर्णपणे बाजूला ठेवावा, आणि त्या ठेक्यावर चित्रपटाची चाल न वाजविता राग वाजवावेत.

कल्पना ऐकायला विचित्र वाटते. अल्लादियाखाँ साहेबांची गायकी ज्या कोल्हापूर दरबारात रुजली आणि जेथे देवल क्लबसारखी संस्था १८८३ पासून नांदते आहे, त्या परिसरातील जाणत्या श्रोत्याच्या कपाळावर तर आठीच उमटावी. रागाला वेळ लागतो, आलापीची सावली लागते, श्वास लागतो. यंत्राला श्वास नाही. तरीही यंत्र आणि राग यांच्यात एक नाते होते, आणि ते या वादकाच्या कानाने टिपले. रागदारीत तानपुऱ्याचा सूर अखंड चालू असतो, आणि यंत्रही अखंड चालते. रागात स्वरांचा ठरलेला चलनमार्ग असतो, आणि यंत्रात स्वर भरतानाही मार्ग आधी ठरवावाच लागतो. शिवाय टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. पाश्चात्त्य गिटारवाल्यांना ती गंमत वाटली असेल, पण भारतीय कानाला तिच्यात मींड ऐकू आली.

१९८२ साली ग्रामोफोन कंपनीच्या, म्हणजे एच.एम.व्ही.च्या, मुंबईतील स्टुडिओत अवघ्या दोन दिवसांत ध्वनिमुद्रण झाले. तबकडीचे नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. त्यात दहा राग होते : भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. पहाटेचा ललित आणि उत्तररात्रीचा मालकंस एकाच चार ठोक्यांच्या चाकावर बसविलेले. खाली टीआर-८०८ चा सरळ, न ढळणारा ठेका चालतो. त्यावर टीबी-३०३ ची वळवळती खर्जाची रेघ फिरते. आणि सर्वांत वर ज्युपिटरवर हाताने वाजविलेला राग चालतो, कधी संथ, कधी तानेसारखा वेगवान. गायक नाही, शब्द नाहीत, कथा नाही. ठेक्याला बायबल वा पुराण ठाऊक नसते, तसे त्याला वेळेचे बंधनही नव्हते. भूपाळीचे पाच स्वर त्या ठेक्यावर असे फिरतात, की ऐकणाऱ्याला आधी हसू येते, मग तो थांबतो, आणि मग राग खरोखरच तेथे आहे हे त्याच्या ध्यानात येते.

तबकडी बाजारात आली आणि खपली नाही.

याचे कारण शोधायला संगीताचे ज्ञान लागत नाही, दुकानदारीचा अनुभव पुरतो. दुकानात ती ठेवायची कोठे? शास्त्रीय संगीताच्या कप्प्यात ठेवली, तर भीमसेन जोशी वा रविशंकर घ्यायला आलेले गिऱ्हाईक तिचे नाव वाचूनच पुढे जाणार. डिस्कोच्या कप्प्यात ठेवली, तर ओळखीचे गाणे आणि ओळखीचा आवाज शोधणारा तरुण ‘राग’ हा शब्द पाहून ती परत ठेवणार. वेष्टनावर नटाचे चित्र नाही, पाठीमागे चित्रपट नाही, आणि वादकाचे नाव बाजाराला ठाऊक नाही. मालात दोष नव्हता, पण तो ज्या गिऱ्हाइकासाठी होता, ते गिऱ्हाईक अजून तयारच झाले नव्हते. अशा मालाला विक्रेता नवा कप्पा करीत नाही. तो त्याला मागच्या खोलीत नेऊन ठेवतो.

हिशेबाचा नियम सांगतो की वर्षअखेरीस शिल्लक माल मांडताना खरेदी किंमत आणि बाजारभाव यांतील जी कमी असेल, ती धरावी. हा नियम शहाणपणाचा आहे. आपल्या मालावरील प्रेमापोटी माणूस स्वतःची फसवणूक करून घेतो, तिच्यापासून तो पेढीला वाचवितो. या नियमाने पाहिले, तर त्या तबकडीची किंमत जवळजवळ शून्य होती, आणि ज्यांनी ती तशी मांडली असेल त्यांना दोष देता येणार नाही. मात्र हा नियम मालाच्या यादीसाठी आहे. घरातील माणसाच्या कामाला तोच नियम लावला जातो, तेव्हा चूक सुरू होते. व्यापारी घरांत ही चूक फार सहज घडते, कारण तीच वही रोज डोळ्यांसमोर असते.

चरणजित सिंगांनी या अपयशानंतर काय केले, हा या हकिकतीचा सर्वांत बोलका भाग आहे. ते पूर्वीप्रमाणेच कामाला गेले. वाद्यवृंदात वाजविणे, कार्यक्रम करणे, कुटुंब चालविणे हे सुरूच राहिले. त्या दोन दिवसांसाठी त्यांनी घर गहाण टाकले नव्हते, नेहमीचे काम सोडले नव्हते. जी महाग यंत्रे घेतली होती, ती रोजच्या मिळकतीच्या कामातही उपयोगी पडत होती. प्रयोग बुडाला, पण त्याच्याबरोबर संसार बुडाला नाही. कापडाच्या धंद्यात नवी नक्षी काढणारा जाणता माणूस असेच करतो. पन्नास मागांपैकी एका मागावर तो नवी नक्षी चढवितो, उरलेले एकोणपन्नास चालत्या मालावर ठेवतो. नवी नक्षी चालली नाही, तर एका बीमचे नुकसान होते, आणि ते सोसता येते.

तबकडी विस्मरणात गेली. त्याच सुमारास समुद्रापार निराळीच घटना घडत होती. अमेरिकेतील शिकागो शहरात नाचघरांसाठी यंत्रांवर संगीत करणारी तरुण मंडळी होती. त्यांच्याकडे पैसा थोडा होता, म्हणून ती जुन्या वाद्यांच्या दुकानातून टाकाऊ यंत्रे घेत. फ्यूचर नावाच्या गटाच्या हाती अशीच एक जुनी टीबी-३०३ लागली. तिची बटणे चालू आवर्तनात फिरवीत राहिल्यावर जो चिवचिवता, वळवळता आवाज निघाला, तोच त्यांनी मुख्य केला. १९८७ साली त्यांची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी निघाली आणि त्यातून ‘अ‍ॅसिड हाऊस’ हा प्रकार नावारूपाला आला. तेथून तो इंग्लंडला पोहोचला आणि युरोपभर पसरला. ज्या पेटीचे उत्पादन कंपनीने थांबविले होते, तिच्यासाठी लोक शोध घेऊ लागले. आज चांगल्या स्थितीतील मूळ टीबी-३०३ साठी हजारो डॉलर मोजले जातात.

आता पुढची घटना पाहू. २००२ साली एडो बाउमन नावाचा एक डच संग्राहक दिल्लीत जुन्या भारतीय तबकड्या शोधत फिरत होता. त्याला ‘टेन रागाज’ची प्रत मिळाली. ती त्याने वाजवून पाहिली आणि वेष्टनावरील साल पुन्हा वाचले. जो आवाज १९८७ मध्ये शिकागोत जन्मला असे सगळे जग समजत होते, तो १९८२ च्या मुंबईतील तबकडीत स्पष्ट ऐकू येत होता. त्याने चरणजित सिंगांचा शोध घेतला, मुंबईत त्यांची भेट घेतली, आणि २०१० साली आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या संस्थेमार्फत ती तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली.

पुनःप्रकाशनानंतर काही जाणकारांनी आधी विश्वासच ठेवला नाही. कोणा खोडसाळ युरोपीय संगीतकाराने आजच्या काळात हे रचून जुने साल छापले असावे, अशी शंका उघडपणे घेतली गेली. माल इतका खरा होता, की तो बनावट वाटला. पण मूळ प्रती होत्या आणि वादक हयात होता. शंका मावळली. मग वृत्तपत्रांतून लेख आले, आणि ‘अ‍ॅसिड हाऊसचा खरा जनक मुंबईचा’ अशी शीर्षके झळकू लागली.

येथे मात्र तोल सांभाळायला हवा. आपल्या माणसाचा गौरव होतो तेव्हा दोन पावले अधिक पुढे जाण्याचा मोह सर्वांनाच होतो. शिकागोच्या मुलांनी चरणजित सिंगांची तबकडी ऐकून काम केले, असा कोणताही पुरावा नाही. दोन्हीकडे तेच अवजार होते. एकीकडे रागदारीचा कान होता, दुसरीकडे नाचघराची गरज होती, आणि दोघे आपापल्या वाटेने शेजारच्या गावांत पोहोचले. शिकागोने एक परंपरा निर्माण केली, तिला वारस लाभले. मुंबईच्या तबकडीला तेव्हा वारस लाभला नाही. त्यामुळे तिचा मोठेपणा ‘पहिला कोण’ या वादात शोधू नये. स्वतः चरणजित सिंगही त्या वादात फारसे रमले नाहीत. आपल्या इतर तबकड्या म्हणजे दुसऱ्यांच्या चाली होत्या, ही एक मात्र स्वतःची होती आणि म्हणून ती सर्वांत चांगली झाली, अशा आशयाचे त्यांचे सांगणे होते. अठ्ठावीस वर्षे कोणी विचारले नव्हते, तरी स्वतःच्या कामाची ही पारख त्यांच्यापाशी शाबूत होती.

सत्तरी ओलांडलेल्या या वादकाला मग युरोपातून बोलावणी येऊ लागली. जी यंत्रे त्यांनी तारुण्यात हाताळली होती, त्यांच्यासमोर ते पुन्हा उभे राहिले, आणि समोर त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुले यमन आणि मालकंसावर नाचू लागली. त्यातील बहुतेकांना रागाचे नावही ठाऊक नसेल. २०१५ च्या जुलैमध्ये मुंबईत चरणजित सिंगांचे निधन झाले. लौकिकाची वर्षे जेमतेम पाच मिळाली.

त्यांच्या काळात आणि आजच्या काळात एक मोठा फरक पडला आहे, आणि तो मराठी घरांना जवळचा आहे. २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर या तरुणांचे ‘तांबडी चामडी’ हे मराठी नृत्यगीत गाजले. ते नेदरलँड्समधील स्पिनिन रेकॉर्ड्स या नावाजलेल्या कंपनीने प्रसिद्ध केले. मराठी बोली आणि हाऊस संगीताचा ठेका यांच्या या मेळाला क्रेटेक्सने ‘एम-हाऊस’ असे नाव दिले. योगायोग असा, की चरणजित सिंगांना शोधणारा माणूसही डच होता आणि मराठी ठेक्याला जगापुढे नेणारी कंपनीही डच. पण एकाला अठ्ठावीस वर्षे वाट पाहावी लागली, तर दुसऱ्याचे गाणे काही आठवड्यांत हातोहाती मोबाइलवर पोहोचले. दुकानातील कप्पा आता उरलेला नाही. ज्याचा माल कोणत्याच कप्प्यात बसत नाही, त्यालाही गिऱ्हाईक शोधता येते. त्याचबरोबर अशा मालाची गर्दीही अफाट झाली आहे, आणि न ऐकलेल्या गाण्यांची मागची खोली पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

म्हणून कबनूरच्या, किंवा कोणत्याही व्यापारी गावातील घरात वरच्या मजल्यावरून विचित्र आवाज येऊ लागला, तर त्या घराने काय करावे हा प्रश्न पूर्वीइतकाच खरा आहे. दार बंद करणे सोपे आहे, आणि हवे तेवढे पैसे देऊन मोकळे होणेही सोपे आहे. दोन्हींत मुलाकडे नीट पाहिले जात नाही. चरणजित सिंगांच्या उदाहरणातून जे विचारण्याजोगे प्रश्न मिळतात, ते व्यापाऱ्याला अनोळखी नाहीत. मुलगा दुसऱ्याची चाल उचलतो आहे, की स्वतःचे काही घडवतो आहे? अवजार त्याने शिकून घेतले आहे, की नुसते विकत घेतले आहे? या कामात किती पैसा घालायचा याची मर्यादा ठरली आहे काय, आणि ती मर्यादा ओलांडली गेली तरी घराचे रोजचे गाडे चालू राहील काय? पोटापाण्याचे काम आणि स्वतःचे काम यांसाठी आठवड्याचे दिवस वाटून दिले आहेत काय?

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर त्या मुलाला त्याचे दोन दिवस मिळावेत, आणि एखाद्या संध्याकाळी वडिलांनी वर जाऊन, आवाज थोडा कमी करायला सांगून, त्याचे काम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावे. ज्यांनी जन्मभर मागाच्या आवाजावरून कापडाचा दोष ओळखला, त्यांच्या कानाला त्या सोळा घरांच्या नक्षीतील चुकलेले पीक चटकन कळेल. मुलालाही असा परीक्षक घराबाहेर सहजासहजी मिळणार नाही.